लाव्हावर गरम केलेला चहा

६ नोव्हेंबर

भिंगरीच्या शाळेत माझं भाषण! विषय — ज्वालामुखी कसा होतो आणि का फुटतो. वेळ वीस मिनिटं. श्रोते तिसरीचा वर्ग, चौतीस पोरं. ठरवलं कोणी? भिंगरीने. मला विचारलं कधी? ठरवून झाल्यावर. नात आठ वर्षांची आहे, पण कारभार सगळा साहेबी.

तिच्या वर्गबाईंचा फोन आला तेव्हा 'बघतो, कळवतो' असं तोंडावर आलं होतं. पण बाई म्हणाल्या, तुमच्यासारखा अनुभवी माणूस मिळणं म्हणजे आमचं भाग्य. पस्तीस वर्षं सरकारी खात्यात दगड तपासले, निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. माझ्या बाबतीत भाग्य हा शब्द आजवर कोणी वापरला नव्हता. पटकन हो म्हणून टाकलं.

ही म्हणाली, "वीस मिनिटं? तुम्हाला घसा खाकरायलाच दहा लागतात."

८ नोव्हेंबर, रविवार

पहिला खर्डा तयार. एक्केचाळीस पानं. सूर्यमालेपासून सुरुवात केली आहे, त्याशिवाय पाया पक्का होत नाही. दुपारी हिला वाचून दाखवला. सहाव्या पानावर पृथ्वी अजून थंड व्हायची होती आणि ही घोरत होती.

उठल्यावर म्हणाली, "मुलांना तीनच गोष्टी हव्या असतात. आत काय आहे, ते वर का येतं, आणि फुटतं कशाने." एवढं नेमकं मला खात्यातल्या एकाही साहेबाने कधी सांगितलं नव्हतं. तिला तसं बोलून दाखवलं नाही. सूर्यमाला काढून टाकली. जिवावर आलं.

९ नोव्हेंबर

'आत काय आहे' यात अख्खा दिवस गेला.

सगळ्यांची समजूत अशी, की पायाखाली सगळीकडे उकळता रस भरला आहे आणि आपण सायीवर उभे आहोत. साफ चूक! खाली दगडच आहे. भयंकर तापलेला, पण घट्ट. वरच्या ओझ्याखाली इतका दाबला गेलेला, की वितळेन म्हटलं तरी सोय नाही. वितळतो तो मोजक्या ठिकाणी. जिथे त्याच्यावरचा दाब कमी होतो तिथे. किंवा जिथे समुद्रतळाचा दगड खाली खाली सरकतो आणि आपल्याबरोबर पाणी घेऊन जातो तिथे. तापलेल्या दगडात पाणी शिरलं की तो लवकर वितळतो. तोही सगळा नाही, थोडा थोडा. हा झाला शिलारस. आजूबाजूच्या घट्ट दगडापेक्षा हलका, म्हणून भेगांतून वर सरकत येतो आणि जमिनीखाली एखाद्या जागी साठून राहतो.

हिला हे सगळं ऐकवलं. कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "म्हणजे गच्च भरलेल्या बसमध्ये उभा असलेला माणूस. चक्कर आली तरी पडता येत नाही. दोन माणसं उतरली, की हा कोसळला."

उपमा लिहून घेतली. बारा पानं कमी झाली.

११ नोव्हेंबर

'फुटतं कशाने' याची रंगीत तालीम. सोड्याची बाटली आणली. मुद्दा सोपा आहे. बाटली बंद असते तोवर सोड्यातला वायू दिसत नाही, दाबाने आत विरघळून बसलेला असतो. बूच काढलं, दाब गेला, बुडबुडे सुटले. शिलारसाचं तेच. वर येता येता त्याच्यावरचा दाब कमी होतो आणि आतली वाफ, आतले वायू बुडबुडे धरतात. रस पातळ असेल तर बुडबुडे सुखाने निसटतात आणि रस वाहत सुटतो — हा लाव्हा. रस चिकट, घट्ट असेल तर बुडबुडे अडकतात, कोंडतात, आणि मग सगळ्याच्या चिंधड्या! दगडाची भुकटी होऊन आभाळात जाते. तिलाच आपण राख म्हणतो. जळलेलं त्यात काही नसतं.

बाटली हलवून बूच काढलं. पडदे, हिचा चष्मा, भिंतीवरचं लग्नाचं छायाचित्र. वर पंखा चालू होता, त्यामुळे कोणी वंचित राहिलं नाही.

हिने फक्त फडकं आणून माझ्या हातात दिलं. प्रयोग शाळेच्या मैदानात करायचा असं ठरलं.

१३ नोव्हेंबर

वाईट बातमी.

भिंगरी शाळेतून थेट इकडे आली. दप्तर फेकलं आणि विचारलं, "आजोबा, चहाचा भाग सांगाल ना?" कसला चहा? "लाव्हावर किटली ठेवली होतीत तो!"

मग बाईसाहेबांनी मलाच माझा पराक्रम ऐकवला. मी म्हणे पेटत्या ज्वालामुखीच्या काठावर उभा होतो. टोपीवर पिठासारखी राख पडत होती. खालून लाल लाव्हा वाहत होता आणि मला चहाची तलफ आली, तेव्हा मी त्यावर किटली ठेवली. आईने सांगितलं. आईला आजीने सांगितलं. भिंगरीने वर्गात सांगितलं. वर्गातली एक पोरगी, पुढचे दोन दात पडलेली, सगळ्यांदेखत तिला थापाडी म्हणाली. तेव्हापासून डब्याच्या सुट्टीत तिच्याशेजारी कोणी बसत नाही. म्हणून भाषण! ज्वालामुखी कसा होतो याच्याशी कोणाला देणंघेणं नाही. मी वर्गासमोर उभं राहून म्हणायचं — हो, मी पाहिला.

मी उभ्या जन्मात ज्वालामुखी फुटताना पाहिलेला नाही. एकही नाही. लांबूनसुद्धा नाही. मी पाहिले ते कोट्यवधी वर्षांपूर्वी थंड होऊन गेलेल्या लाव्हाचे दगड, कचेरीच्या टेबलावर, क्रमांक टाकलेले. जेवणावळीनंतर उष्ट्या पत्रावळी मोजून वर्णन लिहावं, तशी माझी विद्या.

पोरीला हे सांगितलं नाही.

१४ नोव्हेंबर

हिला विचारलं. मटार सोलत होती. सोलायची थांबली नाही.

"त्या सात महिन्यांत पोर सुरुवातीला रोज विचारायची, बाबा कुठे गेले. काय सांगणार होते मी? बाबा सायकलच्या दुकानाच्या वर खोली घेऊन रुसून बसलेत?"

तर ते सात महिने. लिहायला लाज वाटते, पण वही माझी आहे. लेक चौथीत होती. मी दीड वर्ष हिंडून गोळा केलेले लाव्हाच्या दगडांचे नमुने पोत्यात भरून अंगणात ठेवले होते. हिने न्हाणीघराचं काम काढलं. गवंड्याला दगड कमी पडले. त्याने समोर दिसलेलं पोतं उघडलं! संध्याकाळी घरी आलो तर माझं दीड वर्ष सिमेंटमध्ये बसवलेलं, वर पाणी मारून ठेवलेलं. ही म्हणाली, "दगड ते दगड." झालं. मी पिशवी उचलली. दोन दिवसांत परत येईन असं मनात होतं. मग दोनाचे चार झाले, चाराचा महिना, आणि परत येणं दिवसेंदिवस जास्तच अवघड होत गेलं. शेवटी एका रविवारी आलो. हिने दार उघडलं आणि म्हणाली, हात धुवून घ्या. लेकीने तर काहीच विचारलं नाही. मी समजत होतो, ती लहान आहे आणि हिने तिला दौऱ्याचं काहीतरी सांगितलं असेल.

"ज्वालामुखीच कशाला?" मी विचारलं.

"साधा दौरा सात महिने चालतो का? शिवाय पोरीला बाबाचं कौतुक वाटायला हवं होतं. राग नको."

म्हणालो, "पण किटली? लाव्हा अकराशे अंशांचा असतो. ॲल्युमिनियम साडेसहाशेला वितळतं!"

"कडेला ठेवली होती," ही म्हणाली.

१५ नोव्हेंबर

अंघोळ करताना खाली पाहिलं. कोपऱ्यातला काळा दगड, नमुना क्रमांक ११७. तीस वर्षं साबण खाऊनही काय देखणा आहे!

१७ नोव्हेंबर

आमच्यात खल चालू आहे. खरं सांगितलं तर भिंगरी कायमची थापाडी ठरते. आणि ती घरी जाऊन आईला विचारणार — मग आजोबा होते कुठे? लेकीला काय सांगायचं? की तुझा बाप पोतंभर दगडांपायी तुला सात महिने सोडून गेला, आणि तेही चार गल्ल्या पलीकडे? चाळिशीला आलेली बाई ती. माझ्याविषयी बरं मत असलेली जगातली बहुधा एकमेव व्यक्ती. ते मत गेलं तर या वयात दुसरं कुठून आणू?

ही म्हणते, "एकदा 'पाहिला' म्हणा आणि मोकळे व्हा. एक शब्द तर आहे."

आरशासमोर तालीम केली. 'पाहिला' म्हणताना माझी डावी भुवई आपोआप वर जाते. ही म्हणाली, खोकल्याचं निमित्त करा.

२० नोव्हेंबर

सगळं क्रमाने लिहितो.

भाषण उत्तम झालं. खोटी नम्रता कशाला? बसची उपमा तर डोक्यावर घेतली पोरांनी. दहा-बारा जणांना वर्गाच्या कोपऱ्यात कोंबून दगड केलं, मधला एक वितळायला तयार, पण गर्दीमुळे वितळता येईना. दोघांना बाहेर काढल्याबरोबर तो असा धाडकन आडवा झाला, की वर्गबाई पाण्याचा ग्लास घेऊन धावल्या. मग मैदानात सोडा. दोन बाटल्या — पातळ रसाची नुसती उघडली, घट्ट रसाची बूच अर्धवट दाबून धरून, हलवून. शाळेचा शिपाई भिजला, पण त्याने मन मोठं केलं. पोरांनी पाठ केलं. पातळ असेल तर वाहतो! घट्ट असेल तर फुटतो! राख कोणाची? घट्टवाल्याची! इतकं नीट तर मला स्वतःलाही कॉलेजात कळलं नव्हतं.

परत वर्गात आलो. आता प्रश्न. पडक्या दातांची पोरगी उभी राहिली. "तुम्ही खरंच ज्वालामुखी पाहिलाय?"

भिंगरी पहिल्या बाकावर. दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसली होती. मी खोकलो. म्हणालो, "पाहिला."

भिंगरी मान वळवून सगळ्या वर्गाकडे एकदा बघून आली.

"किती जवळून?" काठावरून. "राख पडत होती?" पिठासारखी. "आणि चहा?" केला. लाव्हावर. कडेला ठेवून.

एवढ्यावर निभावलं असतं. पण भिंगरीला राहवेना. तिला माझी बाजू आणखी भक्कम करायची होती. हात वर करून म्हणाली, "राख पडत होती म्हणजे तो घट्टवाला होता ना, आजोबा?" मी हो म्हणालो. "पण चहा वाहत्या लाव्हावर केला. मग तो पातळवाला." मी पुन्हा खोकलो. "आणि घट्टवाला फुटला तर काठावरचा माणूस..."

तिथे ती थांबली. मी शिकवलेलं एक एक करून तिच्या डोक्यात जागेवर बसताना मला दिसत होतं. चेहरा हळूहळू लाल होत गेला.

काही ज्वालामुखी आज राख उडवतात आणि उद्या लाव्हा सोडतात. एवढं म्हणून सुटता आलं असतं! ते आत्ता, वही उघडल्यावर सुचतं आहे. पण तेव्हा सुचलं असतं तरी म्हणालो असतो का, कोण जाणे. पोरीने इतका बरोबर विचार केला होता. तिला चूक ठरवायची माझी हिंमत नव्हती.

म्हणालो, "भिंगरीचं बरोबर आहे. मी एकही ज्वालामुखी पाहिलेला नाही. भिंगरी खोटं बोलली नाही, तिला जे सांगितलं गेलं ते तिने सांगितलं. थाप आमच्या घरातल्या मोठ्या माणसांची आहे."

वर्गबाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. पडक्या दातांची पोरगी मात्र बसेना. "मग तुम्हाला हे सगळं कसं माहीत?"

चांगला प्रश्न. मुलांना दाखवायला आणलेला लाव्हाचा दगड खिशातून काढला. सांगितलं, हा कधीकाळी वाहत होता. बघा, ही बारीक भोकं म्हणजे अडकलेले बुडबुडे, तुमच्या सोड्यातले. आणि हे चमकणारे कण. हे आतल्या आत सावकाश थंड झाले म्हणून मोठे झाले. कोरडे असताना नीट दिसत नाहीत. असं म्हणून दगड जिभेने ओला केला आणि उजेडात धरला.

पस्तीस वर्षांची सवय. आम्ही सगळेच करायचो. दगड ओला केला की कण उठून दिसतात, आणि रानात प्रत्येक वेळी पाणी कुठून आणणार? करताना मनात काहीसुद्धा आलं नाही. बाईंचा चेहरा पाहिला तेव्हा आलं.

निघताना भिंगरी फाटकापर्यंत आली नाही.

२१ नोव्हेंबर

मुख्याध्यापकांचं पत्र. व्याख्यानाबद्दल आभार. पुढे असं, की मधल्या सुट्टीत तिसरीच्या वर्गाने मैदानातले सर्व दगड, पायरीचा दगड आणि शाळेच्या पाठच्या भिंतीचा खालचा भाग चाटून काढला. सात पालकांचे फोन आले. एका विद्यार्थ्याने भिंतीत बुडबुडे सापडल्याचं लेखी कळवलं आहे. यापुढे व्याख्यात्यांनी केवळ फळ्याचा उपयोग करावा.

त्या विद्यार्थ्याचं बरोबर असेल. भिंत त्याच दगडाची आहे, मी जाताना पाहिली.

२३ नोव्हेंबर

भिंगरी दोन दिवस आली नाही. फोनवर आजीशी बोलते. मला द्यायचा म्हटलं की अभ्यास निघतो.

हिने माझ्यावर एकदाही आवाज चढवला नाही. त्याचीच भीती वाटते.

२५ नोव्हेंबर

लेकीचा फोन. भिंगरीने तिला विचारलंच. "मग आजोबा होते कुठे?" लेक मला एवढंच म्हणाली, "बाबा, मी रविवारी येते. एकटी."

एकटी!

२७ नोव्हेंबर

ही नवीन गोष्ट रचते आहे. सकाळी मी जहाजावर होतो. दुपारपर्यंत मला कसलासा संसर्गजन्य आजार झाला आणि दूर ठेवलं होतं. संध्याकाळी म्हणाली, "गुप्त सरकारी काम होतं, असं सांगूया का?"

मी म्हणालो, आता नको. खरं तेच सांगतो. आयुष्यभर दगडांशी खरं वागलो, पोरीशी एकदा वागून बघतो.

ही म्हणाली, "माझाही दोष होता, ते पण सांगा. पोतं मीच दाखवलं होतं गवंड्याला."

तीस वर्षांनी!

२८ नोव्हेंबर

रागवायला वेळ नाही. उद्या काय बोलायचं ते लिहून काढलं. चार पानं झाली. हिने अर्ध्या पानावर आणलं.

२९ नोव्हेंबर, रविवार

अर्धं पान खिशातच राहिलं. लेक आली, बसली, आणि मी चष्मा शोधेपर्यंत म्हणाली, "बाबा, मला तेव्हाच माहीत होतं. शाळेची बस त्या सायकलवाल्यावरून जायची. तुम्ही वरच्या गॅलरीत दात घासत उभे असायचात. आईने एवढी छान गोष्ट रचली होती, म्हणून तिला सांगितलं नाही. तुम्ही बसच्या डाव्या बाजूला दिसायचात. तिकडची खिडकी मिळावी म्हणून मी रोज रांगेत सगळ्यांच्या आधी जाऊन उभी राहायचे."